फोटो कागदाच्या मधोमध का उतरत नाही?

घरच्या प्रिंटरवर फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. स्क्रीनवर फोटो अगदी मधोमध दिसतो, कागदावर मात्र तो वर चढतो किंवा एका अंगाला सरकतो. आमच्या शेजारच्या काकांच्या शब्दांत, "फोटो वरच चढून राहिला ना बाप्पा! हेड अलाइन करून पाहिलं, नोझल धुऊन पाहिलं, काही फरकच नाही."

फरक पडणारही नव्हता. हेड म्हणजे कागदावरून इकडून तिकडे फिरत शाई सोडणारा भाग, नोझल म्हणजे त्याची बारीक छिद्रं. 'हेड अलाइनमेंट' हे नाव ऐकून वाटतं, फोटो जागेवर बसवण्याचं काम तेच करत असेल. प्रत्यक्षात ते शाईच्या थेंबांचं आपसातलं जमवून देतं. हेड डावीकडून उजवीकडे जाताना पडलेले थेंब आणि परत येताना पडलेले थेंब एकाच रेघेवर यावेत, काळा आणि रंगीत ठसा एकमेकांवर नीट बसावा, एवढंच त्याचं काम. उभी रेघ नागमोडी दिसत असेल, अक्षरं दुहेरी वाटत असतील, तर ते जरूर करा. आख्खा फोटो कागदावर कुठे बसतो, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येतच नाही. नोझल धुण्याच्याही नाही, आणि धुण्यात शाई जाते ती वेगळीच.

प्रिंटरला काय दिसतं?

जवळजवळ काहीच नाही. कागद आत ओढला गेला की त्याची पुढची कड एका सेन्सरला लागते, तेवढं त्याला कळतं. काही मॉडेल कागदाची रुंदीही चाचपतात. पण फोटो कुठे छापायचा हे ठरतं ते आधी सांगितलेल्या मापावरून. 'कागद ए४ आहे' असं सांगितलं की प्रिंटर तो २१० बाय २९७ मिलिमीटरचा धरतो आणि कडेपासून मोजत जातो. मधोमध म्हणजे कुठे, हे तर त्याच्याही आधी कॉम्प्युटरने ठरवलेलं असतं: कागदाच्या रुंदीतून फोटोची रुंदी वजा करायची, उरेल त्याचं निम्मं डावीकडे सोडायचं. उंचीचंही तसंच. एवढ्या गणितात चुकण्यासारखं काही नाही. चुकतं ते कागदाचं माप.

नागपूरकराला हे समजायला झिरो माइल पुरेसा आहे. चार घोडे आणि तो दगडी खांब दाखवून आपण पाहुण्यांना सांगतो, हा देशाचा मध्य. पण कोणत्या देशाचा? इंग्रजांच्या काळातल्या हिंदुस्थानची हद्द वेगळी होती, आजची वेगळी. हद्द हलली की मध्य हलतो, खांब तिथेच राहतो. प्रिंटरच्या बाबतीत नेमकं हेच होतं. त्याने मध्य बरोबरच काढलेला असतो, फक्त तो तुमच्या ट्रेमधल्या कागदाचा नसतो.

कागदाचं माप चार ठिकाणी राहतं. एक, ज्यातून फोटो छापता त्या प्रोग्रॅममध्ये किंवा त्या फाइलच्या पानात. दोन, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तीन, प्रिंटरला स्वतःचा स्क्रीन असेल तर त्याच्या मेनूत. आणि चौथं, खरंखुरं, ट्रेमध्ये. ही चारही एकमेकांशी जुळली की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी फूटपट्टी लागते.

आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

लोक इथेच घाई करतात. एक सेटिंग बदलायचं, महागाच्या ग्लॉसी कागदावर फोटो काढायचा, बघायचं, दुसरं सेटिंग बदलायचं. त्यापेक्षा साध्या कागदावर एक चाचणीचं पान काढा. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये ए४ पान घ्या आणि त्यात १५ बाय २० सेंटिमीटरचा रिकामा चौकोन काढा, उभा. त्याची जागा आडवी आणि उभी, दोन्हीकडून 'सेंटर' करा, आणि ती 'पेज'च्या संदर्भात, 'मार्जिन'च्या नव्हे. छापताना आकार १०० टक्के ठेवा. कागद ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पेन्सिलीने वरच्या कडेला एक बाण करा, म्हणजे कोणती बाजू आधी आत गेली याचा नंतर घोळ होत नाही.

बाहेर आलेल्या पानावर डावीकडे आणि उजवीकडे ३० मिलिमीटर मोकळी जागा हवी, वर आणि खाली साडेअठ्ठेचाळीस. एकच पान काढून थांबू नका, चार-पाच काढा. सगळ्या पानांवर चूक सारखीच असेल, म्हणजे प्रत्येक वेळी फोटो तेवढाच वर किंवा तेवढाच डावीकडे, तर दोष सेटिंगमध्ये आहे आणि तो घरबसल्या जातो. प्रत्येक पान वेगळं सांगत असेल, एकदा ३ मिलिमीटर, एकदा ६, तर ड्रायव्हरमध्ये शोधून काही सापडणार नाही. तिथे कागद घसरतोय. हा एवढा एक भेद आधी केला की पुढची सगळी वाट सोपी होते, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

चौकोन स्वतः केवढा उतरला तेही मोजा. १५० मिलिमीटरचा चौकोन १४५ किंवा १४६ भरला, तर कोणीतरी मधेच चित्र लहान केलंय. 'फिट टू पेज', 'श्रिंक', 'स्केल टू फिट' अशा नावाचा एखादा पर्याय कुठेतरी चालू आहे. पीडीएफ छापताना अॅक्रोबॅट रीडरमध्ये हे फार होतं. तिथे 'अॅक्च्युअल साइज' निवडावं. चाचणी संपल्यावर फोटोसाठी 'फिट' वापरायला हरकत नाही, पण मोजताना नको.

वर चढलेला फोटो म्हणजे बहुधा 'लेटर'

आता वरची आणि खालची मोकळी जागा यांतला फरक काढा. खालची जागा वरच्यापेक्षा साधारण १७-१८ मिलिमीटरने जास्त असेल, तर गुन्हेगार जवळजवळ नक्की: कुठेतरी कागद 'लेटर' निवडलेला आहे.

लेटर हा अमेरिकेचा कागद, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपला ए४ त्यापेक्षा जवळपास ६ मिलिमीटरने अरुंद आणि साडेसतरा मिलिमीटरने लांब. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. लेटरचा मध्य वरच्या कडेपासून १३९.७ मिलिमीटरवर येतो, ए४ चा १४८.५ वर. प्रिंटर लेटरच्या हिशोबाने फोटो ठेवतो, कागद मात्र खाली आणखी साडेसतरा मिलिमीटर उरलेला असतो. फोटो वर चढलेला दिसतो तो यामुळे. खरं तर तो चढलेला नसतो, खालचा कागद जास्तीचा असतो.

हा परदेशी कागद आपल्या घरात येतो कुठून? बरेचसे प्रोग्रॅम अमेरिकेत तयार होतात. विंडोज बसवताना प्रदेश म्हणून 'युनायटेड स्टेट्स' राहून गेलं, की नवा प्रिंटर जोडल्यावर लेटर निवडलेला येऊ शकतो. इंटरनेटवरून घेतलेल्या वर्डच्या तयार फाइलींमध्येही पान लेटरचं असतं. वर्डमध्ये तर ए४ आणि लेटर यांच्यात आपोआप जुळवून घेण्याचा एक पर्याय आहे, ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डखाली, प्रिंटच्या भागात. तो पान कागदावर मावेल असं बारीक करून देतो. ऐनवेळी बरा, पण मोजमाप करताना गोंधळात टाकणारा.

घरात कोणी वकिली करत असेल तर उलटा प्रकार घडतो. ड्रायव्हरमध्ये 'लीगल' राहतं, १४ इंच उंचीचं, आणि ए४ वर फोटो साधारण २९ मिलिमीटर खाली उतरतो. एखाद्या मोठ्या फोटोचा तर खालचा भागच कापला जातो, आणि लोकांना वाटतं शाई संपली.

डाव्या-उजव्या बाजूचं थोडं वेगळं आहे. काही प्रिंटरच्या ट्रेमध्ये एक बाजू पक्की असते, कागद तिला टेकवायचा आणि दुसरी पट्टी सरकवून लावायची. अशा यंत्रात लेटर आणि ए४ ची गल्लत झाली तर फोटो आडवाही सुमारे ३ मिलिमीटरने सरकतो. ज्यांच्या दोन्ही पट्ट्या एकदम आत-बाहेर होतात, त्यात कागदाचा मध्य कायम जागेवर राहतो, म्हणून आडवी चूक दिसत नाही, फक्त उभी दिसते. तुमचा कोणता, हे ट्रे उघडून पट्टी सरकवली की कळतं.

दुरुस्ती करायची ती मुळाशी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', तिथे आपला प्रिंटर आणि मग 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'. इथे निवडलेला ए४ कायमचा राहतो. प्रोग्रॅममधून प्रिंट देताना उघडणाऱ्या खिडकीत बदललेलं माप मात्र सहसा तेवढ्यापुरतंच असतं, म्हणून 'काल तर ए४ केलं होतं' असं म्हणण्याची वेळ येते. मॅकवर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्येच खाली 'डिफॉल्ट पेपर साइज' मिळतं. अँड्रॉइड फोनवरून छापताना वरच्या पट्टीत कागदाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते दाबून 'आयएसओ ए४' करा. फोनवरून छापणारे हे नाव वाचतच नाहीत, आणि फोनवर लेटर सर्रास सापडतो. प्रिंटरला स्क्रीन असेल तर त्याच्या मेनूतला कागदही तपासा. रात्री चार बाय सहाच्या कागदावर फोटो काढले आणि सकाळी ए४ घातला, तर हे माप जुनंच राहिलेलं असू शकतं.

जिथे छापताच येत नाही ती कड

समजा चारही ठिकाणी ए४ आहे, चौकोन मधोमध येतो, पण पानभर मोठा फोटो मात्र थोडा वरच बसतो. फरक १०-१२ मिलिमीटरचा. इथे कारण यंत्राच्या रचनेत आहे.

कागद रोलरच्या चिमटीत धरून पुढे सरकवावा लागतो. छपाई संपत येते तेव्हा कागदाची मागची कड आत ओढणाऱ्या रोलरमधून सुटते, आणि शेवटचा भाग फक्त बाहेर काढणाऱ्या रोलरच्या भरवशावर राहतो. तिथे कागद किंचित हलू शकतो, म्हणून इंकजेट प्रिंटर खालची कड सोडून देतो. आजच्या बऱ्याच इंकटँक प्रिंटरमध्ये चारही बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर सुटतात. जुन्या इंकजेटमध्ये वर ३ आणि खाली थेट १२ ते १५ मिलिमीटर सुटायचे. लेझर प्रिंटर साधारण ४ मिलिमीटर चहूकडून सोडतो, म्हणून त्याच्याबाबतीत ही तक्रार कमी.

आता 'फिट टू पेज' म्हटलं की प्रोग्रॅम फोटो बसवतो तो छापता येण्याजोग्या भागात. वर ३ आणि खाली १५ सुटत असतील, तर त्या भागाचा मध्य कागदाच्या मध्यापेक्षा ६ मिलिमीटर वर येतो. म्हणजे इथे दोन मध्य आहेत, आणि प्रोग्रॅम तुम्हाला नको तो निवडतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण कोणत्याही मेनूत लिहिलेला नाही. चारांपैकी जी कड सर्वांत जास्त सुटते, तेवढीच जागा चारही बाजूंनी सोडायची. खाली १५ सुटतात ना? मग वर, डावीकडे, उजवीकडेही १५. फोटोला जागा उरते १८० बाय २६७ मिलिमीटर. फोटो थोडा लहान होतो, पण चहूबाजूंनी सारखी पांढरी चौकट मिळते आणि ती दिसतेही छान.

'बॉर्डरलेस' केलं की प्रश्नच मिटला, असं वाटू शकतं. मिटत नाही, रूप बदलतो. बिनकडेची छपाई करताना प्रिंटर फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करतो आणि काठाबाहेरची शाई आतल्या स्पंजवर सोडतो. कागद एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी पांढरी रेघ दिसू नये म्हणून ही युक्ती. किंमत अशी की फोटोच्या चारही कडा थोड्या कापल्या जातात. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो कळस अगदी वरच्या कडेला टेकवून घेतला असेल, तर तो कळस गेलाच म्हणून समजा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये हे वाढवण्याचं प्रमाण कमी करायची एक सरकपट्टी असते, ती कमीत कमीवर आणा. फोटो काढतानाच चहूबाजूंनी थोडी जागा सोडणं हा त्याहून खात्रीचा उपाय.

चार बाय सहा, आणि फोनचा फोटो

तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी घेऊन पोरगं उभं आहे, फोनवर फोटो घेतलाय, आजीला चार बाय सहाच्या कागदावर काढून द्यायचाय. छापल्यावर नंदीची शिंगं तरी जातात, नाहीतर एका बाजूला पांढरा पट्टा येतो. इथे कागदाचं माप बरोबर असूनही घोळ होतो, कारण फोटो आणि कागद यांचा आकारच वेगळा आहे.

बहुतेक फोन फोटो घेतात तो ४:३ या प्रमाणात. चार बाय सहा इंचांचा कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा म्हटलं तर फोटोचा नववा भाग कापला जाणार, साधारण ११ टक्के. पूर्ण फोटो ठेवायचा म्हटलं तर तो कागदावर ४ बाय ५.३३ इंच उतरणार आणि लांबीकडे मिळून सुमारे १७ मिलिमीटर रिकामे राहणार. प्रोग्रॅमने ते दोन्हीकडे वाटले तर साडेआठ-साडेआठ, नाहीतर सगळे एकीकडे, आणि मग तुम्ही म्हणणार, फोटो सरकला.

विंडोजच्या फोटो छापण्याच्या खिडकीत खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' असा एक चौकोन असतो, त्यावर आधीपासून खूण असते. ती असली की कागद भरतो, फोटो कापला जातो. काढली की फोटो पूर्ण येतो, पांढऱ्या पट्ट्यांसह. दोन्ही मनासारखं होत नसेल तर फोनमध्येच फोटो ३:२ मध्ये कातरून घ्या. काय कापायचं ते तुम्ही ठरवा. प्रिंटरला शिंगं कोणती आणि आकाश कोणतं हे कळत नाही.

कातरण्याचाच आणखी एक मुद्दा. कधीकधी फोटोलाच एका बाजूने पांढरी पट्टी असते: जुना फोटो स्कॅन करताना काचेची रिकामी जागा सोबत आलेली असते, किंवा चित्राभोवती पारदर्शक भाग असतो जो स्क्रीनवर दिसतच नाही. प्रिंटर ती पट्टी फोटोचाच भाग धरतो आणि सगळं मिळून मध्य काढतो. छापण्याआधी फोटो गडद पार्श्वभूमीवर उघडून बघा, लगेच दिसेल.

वर्ड, पेंट आणि इतर

वर्डमध्ये फोटो टाकून वरचं 'सेंटर' दाबणारे खूप आहेत. त्या बटणाने फोटो मधोमध येतो, पण ओळीच्या. ओळ असते डाव्या आणि उजव्या समासाच्या मध्ये. डावीकडे बाइंडिंगसाठी जास्त समास सोडला असेल, किंवा त्या परिच्छेदाला सुरुवातीची इंडेंट असेल, तर फोटो तेवढा सरकणार. उभ्या दिशेला तर ते बटण काहीच करत नाही. फोटो निवडून 'पोझिशन'मध्ये जा आणि मधला पर्याय घ्या, मग 'मोअर लेआउट ऑप्शन्स'मध्ये आडवं आणि उभं दोन्ही 'सेंटर्ड' करून समोर 'पेज' निवडा. चाचणीच्या चौकोनाला जे केलं तेच.

फक्त एक फोटो छापायचा असेल तर मला विंडोजचं जुनं पेंट जास्त आवडतं. त्याच्या पेज सेटअपमध्ये 'सेंटरिंग'खाली आडवं आणि उभं असे दोन चौकोन आहेत, दोन्हीवर खूण करा, समास चारही सारखे ठेवा, झालं. एक्सेलमध्येही पेज सेटअपच्या मार्जिन्समध्ये 'सेंटर ऑन पेज' आहे. गिंपमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'इमेज सेटिंग्ज' हे पान उघडलं की डावी-उजवी-वर-खाली अशी अंतरं आकड्यांत लिहिता येतात, आणि समास दुर्लक्षित करायचा पर्यायही तिथेच आहे. ज्यांना पुढची बारीक दुरुस्ती करायची आहे त्यांनी गिंपच घ्यावं.

पान दरवेळी वेगळं येतं तेव्हा

चाचणीची पानं एकमेकांशी जुळत नसतील तर कॉम्प्युटर बंद करा आणि ट्रेकडे वळा. डाव्या बाजूची मोकळी जागा वरच्या टोकाला ३० आणि खालच्या टोकाला ३३ अशी भरली, तर कागद तिरका जातोय. बहुतेकदा बाजूची पट्टी सैल असते. ती कागदाला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. घट्ट लावली तर कागद मधोमध फुगतो आणि मग तिरका ओढला जातो. ट्रे काठोकाठ भरणंही वाईट. मागून कागद घालायच्या प्रिंटरमध्ये मी जेमतेम वीस-पंचवीस पानं ठेवतो, आणि फोटोचा जाड कागद एकेकच.

यात नागपूरचं हवामान आपलं काम करून जातं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि घरात कूलर. प्रिंटर कूलरच्या झोतासमोरच्या टेबलावर असेल तर ट्रेमधला कागद ओल धरतो, मऊ पडतो, कडा वळतात. पंखा-कूलर बंद झाला की तोच कागद पुन्हा कोरडा होतो आणि उलट्या बाजूला वळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर रिमच दमट. असा कागद रोलरखाली कधी पटकन जातो, कधी घसरतो, कधी दोन पानं एकदम. उपाय काही मोठा नाही: रिम उघडल्यावर उरलेला कागद तिच्याच वेष्टनात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा, ट्रेमध्ये रात्रभर सोडायचा नाही, आणि प्रिंटर कूलरच्या तोंडासमोरून हलवायचा. घालताना कागद एकदा फुलवून, टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या.

रोलर हा दुसरा संशयित. कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने आणि कागदाच्या भुकटीने गुळगुळीत होतो, आणि उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ सांगायला नको. प्रिंटर बंद करून, वायर काढून, धागे न सुटणाऱ्या किंचित ओल्या कापडाने रोलर फिरवत पुसा आणि वाळू द्या. पुसूनही पकड येत नसेल, रबर चकाकत असेल, तर तो बदलायला आला. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) दुरुस्तीवाल्याकडे नेताना चाचणीची पानं सोबत न्या. 'फोटो बरोबर येत नाही' एवढ्या तक्रारीवर तो आधी हेड साफ करायला घेईल, पानं दाखवली की सरळ रोलरकडे जाईल.

उरलेले दोन मिलिमीटर

सगळं जुळलं, पानंही एकसारखी येतात, तरी फोटो प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर उजवीकडे. काही लेझर प्रिंटरच्या मेनूत यासाठी 'इमेज रजिस्ट्रेशन' किंवा 'प्रिंट पोझिशन' नावाची सोय असते, तिथे आकडा घालून छपाई सरकवता येते. घरगुती इंकजेटमध्ये ती सहसा नसते. मग फोटोच उलट दिशेला सरकवून ठेवायचा.

किती सरकवायचा, इथे हमखास गडबड होते. डावीकडे ३२ आणि उजवीकडे २८ मिलिमीटर असेल तर फरक चारचा आहे, पण सरकवायचं दोनच. चार सरकवलं तर डावीकडे २८ आणि उजवीकडे ३२ होईल. नेहमी फरकाचं निम्मं. आणि हा आकडा त्या एका ट्रेचा, त्या एका मापाच्या कागदाचा असतो. कागद आडवा करून छापलात किंवा पुढच्या ट्रेऐवजी मागून घातलात, तर पुन्हा मोजायला लागेल. दोन्ही बाजूंनी छापताना दोन मिलिमीटरचे चार होतात, कारण पान उलटलं की चूकही उलट्या अंगाला जाते, आणि उजेडात धरलं की पुढचं-मागचं जुळत नाही.

त्याहून बारीक दुरुस्तीच्या मागे लागू नये. कागदाच्या मापांचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ २१६, त्यातच ए४ च्या लांबी-रुंदीत २ मिलिमीटर कमी-जास्त चालतं असं धरलेलं आहे. कागद स्वतःच तेवढा इकडे-तिकडे असू शकतो, तर अर्ध्या मिलिमीटरसाठी शाई का घालवायची? फ्रेममध्ये लावायचा फोटो असेल तर फ्रेमची कड चहूबाजूंनी काही मिलिमीटर झाकतेच. फ्रेमवाले माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) कापताना कित्येकदा खालची पट्टी मुद्दाम थोडी रुंद ठेवतात, म्हणजे फोटो नेमक्या मध्याच्या जरा वर बसतो आणि डोळ्यांना तोच नीट वाटतो. काकांचा फोटो फ्रेमसाठीच होता. लेटरचं ए४ केल्यावर तो जिथे आला, तिथून पुढे त्यांनी काही करायची गरज नव्हती.

फ्रेमशिवाय द्यायचा असेल आणि कडा अगदी सारख्याच हव्या असतील, मुंजीच्या पत्रिका किंवा वाढदिवसाची कार्डं, तर छापखान्यांची पद्धत वापरा. ते तयार मापाच्या कागदावर मध्य साधायच्या फंदात पडतच नाहीत. मोठ्या कागदावर छापतात, कोपऱ्यांना कापायच्या खुणा देतात आणि नंतर कापतात. घरीही ए४ वर थोडं लहान चित्र, कोपऱ्यांत बारीक रेघा, आणि मग कापणी. दोन-चार असतील तर स्टीलची पट्टी, नवं ब्लेड आणि खाली जाड पुठ्ठा पुरतो. पन्नास-शंभर असतील तर बाइंडिंगच्या दुकानातल्या कटिंग मशीनवर एका दाबात होतात. तिथे देताना सगळ्या पानांच्या वरच्या कडा एकाच बाजूला ठेवा, आणि कापायची रेघ कोणती ते सर्वांत वरच्या पानावर लाल पेनाने दाखवून द्या.